हिरा वैरागडचा, पण कोणता?

महाराष्ट्रात हिऱ्याची खाण होती, असं सांगितलं की पुण्या-मुंबईकडचा माणूस लगेच गोवळकोंड्याचं नाव घेतो. गोवळकोंडा तेलंगणात, पन्ना मध्य प्रदेशात. आपल्याकडे हिरा असलाच तर वांद्र्याच्या भारत डायमंड बोर्समध्ये, तोही बाहेरून आलेला. पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’ सिद्ध केली, तेव्हा वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात त्याने चांद्याच्या एका गोंड राजाची दखल घेतली. राजाचं नाव बाबजिऊ, पदरी एक हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ. त्याच्या ताब्यातल्या बैरागडात हिऱ्याची खाण आहे, तिथे नक्षीचं कापड विणलं जातं आणि हे ठाणं त्याने नुकतंच दुसऱ्या एका जमीनदाराकडून हिसकावलं आहे, असं अबुल फजल नोंदवतो. बैरागड म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं, आरमोरी तालुक्यातलं वैरागड. बाबजिऊ म्हणजे चांद्याचा बाबाजी बल्लाळशाह.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा रस्ता आहे. भिवापूरपर्यंत मिरची आणि कापूस, नागभीडपासून धानाच्या बांध्या. ब्रह्मपुरी सोडली की वैनगंगेचा पूल लागतो आणि पलीकडे आरमोरी. आरमोरी आजही कोशाच्या कापडासाठी ओळखली जाते. अबुल फजलच्या नोंदीतलं कापड असं चारशे वर्षांनंतरही डोळ्यांसमोर उभं राहतं; हिऱ्याचं तसं नाही. वैरागडला उतरून कुणाला खाणीचा रस्ता विचारला, तर हात किल्ल्याकडे होतो.

किल्ला पाहण्यासारखा आहे. खंदक, दगडी दरवाजे, आत माजलेला झाडोरा. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत किल्ला आहे आणि गावातलं भंडारेश्वराचं जुनं देऊळही. गावाजवळ सती नदी खोब्रागडीला मिळते आणि खोब्रागडी पुढे वैनगंगेला. भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल याने भारताच्या खनिजसंपत्तीवरचा आपला ग्रंथ १८८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वैरागडचे जुने खड्डे याच सतीच्या काठचे सांगितले आहेत, जांभ्यासारख्या भरड, खडीदार थरात खणलेले. बॉल लिहीत होता तोवर खाणकाम बंद पडून गेलेलं होतं. ‘खाण’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे खोल बोगदा येतो, तसं इथे काही नव्हतं. नदीने आणून टाकलेल्या गोट्यांच्या थरापर्यंत खड्डा घ्यायचा, माल वर काढायचा, धुवायचा आणि वेचायचा, एवढंच ते काम. पन्न्याला आजही सरकारकडून जमिनीचा छोटा तुकडा भाड्याने घेऊन माणसं असंच हिरे शोधतात.

आता प्रश्न असा की खडीत पडलेला हिरा ओळखायचा कसा? पैलू पाडलेला हिरा दुकानातल्या दिव्याखाली ओळखणं वेगळं. नदीच्या खडीत तो असा चमकत नाही. त्याचा आकार बहुधा आठ बाजूंचा, दोन पिरॅमिड बुडाशी बुड लावून ठेवल्यासारखा; कडा अनेकदा गोलावलेल्या. पृष्ठभागावर तेलकट झाक. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली त्याच्या सपाट अंगांवर बारीक त्रिकोणी खळगे दिसतात. हे खळगे माणसाला सहजी कोरता येत नाहीत, त्यामुळे कच्च्या हिऱ्याची ही मोठी खूण मानली जाते. खडीतलं त्याचं सोंग घेणारा नेहमीचा गडी म्हणजे गारगोटी. तिचा स्फटिक सहा बाजूंचा, आणि घनता २.६५; हिऱ्याची ३.५२. टोपलीत किंवा ताटात पाणी घेऊन खडी गरगर फिरवली की गारगोटी वर राहते आणि जड दाणे तळाशी जमतात. त्या तळच्या गाळात हिरा असायचा, आणि त्याच्या सोबतीला काळं इल्मेनाइट, लाल गार्नेट. हिऱ्याचा आणखी एक स्वभाव म्हणजे तो पाण्याने भिजत नाही, पण चरबीला चिकटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली इथे चरबी फासलेल्या मेजावरून खडी वाहवून हिरे वेगळे करायची युक्ती निघाली ती यावरच.

घनतेवर एकट्यावर मात्र भिस्त ठेवू नये. पांढऱ्या पुष्कराजाची, म्हणजे टोपाझची, घनता ३.५३ आहे. हिऱ्यात आणि त्याच्यात तराजूला फरक कळत नाही. भिंगातून पाहताना टोपाझमधून पलीकडची रेघ किंचित दुहेरी होते, हिऱ्यातून होत नाही. टोपाझवर हिऱ्याने ओरखडा उठतो, उलट होत नाही. आणि ओरखड्याची परीक्षा कोणी घरी करू नये, हे सांगायलाच हवं. घणाखाली जो फुटत नाही तोच खरा हिरा, या समजापायी जगभर किती खरे हिरे फुटले असतील कोण जाणे. कठीण असणं आणि फुटायला चिवट असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हिरा चार दिशांना नीट चिरतो, आणि पैलू पाडणारा कारागीर त्याचाच उपयोग करतो.

आपल्या जुन्या ग्रंथांनी या परीक्षा फार आधी लिहून ठेवल्या. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त रत्नांवर स्वतंत्र अध्याय आहेत. वज्राच्या म्हणजे हिऱ्याच्या अध्यायात कोणत्या प्रदेशातला हिरा कोणत्या रंगाचा, याची यादी येते. वेणेच्या काठचा अगदी निर्मळ, कोसलचा शिरीषाच्या फुलासारखा, सौराष्ट्रातला तांबूस, सोपाऱ्याचा काळा. सोपारा म्हणजे आपल्या वसईजवळचं नालासोपारा. तिथे हिरे सापडत नाहीत, ते बंदर होतं. म्हणजे यादीतलं ‘कुठला’ हे कधी खाणीचं नाव आहे, तर कधी नुसतं बाजाराचं. वेणा म्हणजे वैनगंगा, असं मानणारे अभ्यासक वराहमिहिराचा तो निर्मळ हिरा थेट वैरागडच्या पदरात टाकतात. ती कृष्णेची वेण्णा असावी, असं म्हणणारेही आहेत. इतिहासकार फिरिश्त्याच्या ग्रंथात बहमनी सुलतान अहमदशाहाने पंधराव्या शतकात गोंडवनाच्या हद्दीतली हिऱ्याची खाण जिंकल्याची हकिगत आहे. फिरिश्ता जागेचं नाव कळंब देतो, आणि तीही खाण वैरागडचीच असावी, असा तर्क केला जातो. त्याच बृहत्संहितेत चांगल्या हिऱ्याचं एक लक्षण असंही दिलं आहे की तो पाण्यावर तरतो. साडेतीनपट जड असलेला खडा पाण्यावर तरंगणार नाही, हे वराहमिहिरासारख्या गणितज्ञाला कळत नसेल असं मानवत नाही; पण परंपरेने आलेली ओळ त्याने तशीच ठेवली, आणि आजही काही विक्रेते ग्लासभर पाणी घेऊन गिऱ्हाइकापुढे असलेच प्रयोग करतात.

खरी अडचण पुढेच आहे. वैरागडचा म्हणून निर्विवाद दाखवता येईल असा हिरा कुठल्या संग्रहालयातल्या पेटीत बोट ठेवून दाखवता येत नाही. गोंड राजांनी काढलेले हिरे खंडणीत, लग्नात, लुटीत गेले. पैलू पाडले, पुन्हा पाडले, आणि जगभरच्या हिऱ्यांत मिसळले. ते ओळखायला प्रयोगशाळा मदत करील, ही आशाही फारशी नाही. हिरा म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन. तो जमिनीखाली दीडशे किलोमीटरहून अधिक खोल घडतो, किंबर्लाइटसारख्या ज्वालामुखी खडकाबरोबर वर येतो, आणि आपल्या गावाची खूण सहसा बरोबर आणत नाही. नायट्रोजनचं प्रमाण मोजून त्याची जात लावता येते, तो खाणीतला की यंत्रातला हे ठरवता येतं. मात्र खाणीपासून कागदोपत्री माग ठेवला नसेल, तर सुटा पैलूदार हिरा हाती घेऊन तो कोणत्या खाणीचा, हे कुणालाही खात्रीने सांगता येत नाही. पूर्वेला छत्तीसगडच्या मैनपूर भागात, पायलीखंड आणि बेहराडीह इथे, हिरे देणारे खडक सापडले आहेत. त्यांचं वय दख्खनच्या लाव्हाच्या जवळपास, सुमारे साडेसहा कोटी वर्षं निघालं. पण मैनपूरचं पाणी महानदीला जातं आणि वैरागडचं वैनगंगेला. ते हिरे वाहत इकडे आले, असं म्हणायची सोय नाही.

इंग्रजी अमदानीतली गॅझेटियरं वैरागडला हिऱ्यांच्या जोडीने माणकंही सापडत, असं सांगतात. इथे शंकेला जागा आहे. लाल खडा दिसला की माणिक म्हणायची रीत जगभर होती. ब्रिटिश राजमुकुटातलं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ प्रत्यक्षात स्पिनेल आहे. हिऱ्याच्या खडीत लाल गार्नेट सापडणं तर अगदी नेहमीचं. तेव्हा वैरागडची माणकं म्हणजे गार्नेटच असतील, हा अंदाज फार धाडसाचा नाही. माणिक म्हणजे लाल कुरुंद. कुरुंद शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, कायनाइट आणि सिलिमनाइटच्या खडकांबरोबर सापडतो, तेव्हा माणिक अशक्य होतं असंही नाही. फरक ओळखणं सोपं आहे. डायक्रोस्कोप नावाची बोटाएवढी नळी खड्यावर धरली की माणकात शेजारी-शेजारी दोन लाल छटा दिसतात, एक किरमिजी आणि एक नारिंगीकडे झुकणारी. गार्नेटमध्ये आणि स्पिनेलमध्ये दोन्ही चौकटींत एकच रंग. एवढी नळी गॅझेटियरकारांच्या खिशात असती, तर वाद केव्हाच मिटला असता.

वैरागडहून गडचिरोलीकडे जाताना वैनगंगा उजवीकडे सोबत असते, आणि रस्त्याकडेला बोड्या आणि तलाव. गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे होते, म्हणून सरकारी भाषेत ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलण्यात ‘मामा तलाव’. यांतून आणि नदीतून धिवर समाजाची मासेमारी चालते. जाळ्यात माशांबरोबर शिंपलेही येतात, पूर्वी ते टाकूनच दिले जात. त्याच शिंपल्यांच्या जोरावर गडचिरोली शहराजवळच्या पारडी कुपी गावात एका शेतकऱ्याने मोत्यांची शेती उभी केली, आणि ती पाहायला आता बाहेरून माणसं येतात.

गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं तंत्र आपल्याकडे भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने बसवलं, ज्या संस्थेला सगळे ‘सिफा’ म्हणतात. काम नाजूक आहे. आठ सेंटीमीटरहून मोठा, जिवंत, न चिरलेला शिंपला निवडायचा. दोन-तीन दिवस दाटीवाटीने ठेवून त्याचे स्नायू ढिले पाडायचे, म्हणजे झडप झटक्यात मिटत नाही. मग दोन झडपांमध्ये जेमतेम एक सेंटीमीटर फट पडेल एवढंच चिमट्याने उघडायचं. जास्त ताणलं तर स्नायू तुटतो आणि शिंपला मरतो. आतल्या पातळ पडद्याला कवचापासून हलकेच सोडवून त्या पोकळीत साचा सरकवायचा. साचा बहुधा शिंपल्याचीच भुकटी दाबून केलेला. गणपती, बुद्ध, स्वस्तिक अशा आकाराचा. दहाएक दिवस प्रतिजैविकाच्या पाण्यात, आणि मग नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत, एका पिशवीत दोन, असं तळ्यात मीटरभर खोल बांबूला टांगायचं. वर्ष-दीड वर्षाने काढणी. तेवढ्या काळात शिंपला साच्यावर ॲरागोनाइटच्या चकत्या एकावर एक रचत जातो. एकेक चकती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. मोत्याचं तेज याच थरांचं असतं; प्रकाश एका थरावरून, खालच्या थरावरून आणि त्याच्याही खालच्यावरून परततो. थर पुरेसा जाड व्हायच्या आत घाईने काढलेला मोती काही वर्षांत मातकट दिसतो.

हा मोती खरा की खोटा? ग्राहक नेमका हाच प्रश्न विचारतो आणि तिथेच फसतो, कारण प्रश्नाचे दोन भाग आहेत. शिंपल्याने घडवला तो मोती. माणसाने साचा घातला असेल तर संवर्धित, नसेल तर नैसर्गिक. काचेच्या मण्याला माशाच्या खवल्यांतल्या चकाकीचा लेप दिला, ती नक्कल. ही नक्कल सतराव्या शतकापासून पॅरिसमध्ये होत आली आहे. नक्कल पकडायला दाताच्या कडेवर मोती घासण्याची जुनी रीत बरोबर आहे. खरा थर किंचित खरखरतो, लेप गुळगुळीत घसरतो. पण त्याने मोत्यावर ओरखडा उठतो, आणि संवर्धित की नैसर्गिक, याबद्दल दात काहीच सांगत नाही. त्यापेक्षा भोकाच्या तोंडाशी भिंग लावावं. लेप असेल तर भोकाभोवती त्याचे पापुद्रे उचकटलेले दिसतात. आत मणी घालून वाढवलेल्या संवर्धित मोत्यात थर आणि मणी यांच्यामधली काळसर रेघ दिसते. नैसर्गिक ठरवायला मात्र क्ष-किरण लागतात.

गडचिरोलीचे लोक मोत्याचा सर घ्यायला वर्षानुवर्षं हैदराबादला जात आले. अंतरही फार नाही, नातीही तिकडची. हैदराबादच्या आसपास मोती कधीच पिकला नाही. निजामाच्या आश्रयाने तिथे मोती विंधणारे आणि ओवणारे कारागीर जमले, म्हणून बाजार वाढला. आज तिथल्या दुकानांतले बहुतेक मोती चीनमधल्या झुजी भागातल्या तळ्यांतून आलेले, हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरे केलेले आणि अनेकदा रंगवलेले असतात. मोत्याच्या बाबतीत मुळाचा शोध हिऱ्यापेक्षा सुकर आहे, हे इथे सांगायला हवं. गोड्या पाण्याच्या मोत्यात मँगनीज जास्त आणि स्ट्रॉन्शियम कमी, समुद्राच्या मोत्यात उलट. मँगनीजमुळे गोड्या पाण्याचा मोती क्ष-किरणांखाली हिरवट-पिवळा उजळतो. झ्युरिक इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मोत्यातून अगदी थोडी भुकटी घेऊन तिच्यातल्या डीएनएवरून शिंपल्याची जात ओळखून दाखवली. बडोद्याच्या गायकवाडांच्या सात पदरी मोत्यांमधल्या निवडक मोत्यांचा दोन पदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ७० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला, तो नैसर्गिक समुद्री मोत्यांचा म्हणून. आणि ते मोती नैसर्गिक आहेत की नाहीत, हे उघड्या डोळ्यांना कधीच कळलं नसतं.

पुढे चंद्रपूर. जटपुरा दरवाज्यातून आत शिरलं की परकोटाच्या आतलं जुनं चांदा सुरू होतं. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर, असे चार मोठे दरवाजे. दरवाज्यांवर हत्तीवर स्वार झालेला सिंह, गोंड राजांची खूण. आतल्या सराफ्यात आज हिऱ्यापेक्षा जास्त उलाढाल राशीच्या खड्यांची आहे. साडेसाती आली की नील, गुरू बिघडला की पुष्कराज, मंगळाला पोवळं. वजन अजून रत्तीत बोललं जातं, आणि जुन्या सोनाराच्या तोंडी गुंज. शहाण्णव गुंजांचा तोळा. गुंजेचा वेल चांद्याच्या जंगलात कुठेही दिसतो, लाल बियांवर काळा ठिपका. बी विषारी असते, तोंडात घालू नये.

फसवणुकीचं क्षेत्र इथे मोठं आहे. पुष्कराज म्हणून सर्रास सुनेला खपतो. सुनेला म्हणजे पिवळी गारगोटी, घनता २.६५, ज्योतिषी ज्याला पुष्कराज म्हणतो तो पिवळा कुरुंद, घनता ४. हवेत वजन करायचं, मग दोऱ्याने पाण्यात टांगून करायचं. हवेतलं वजन भागिले दोन वजनांतला फरक, की घनता मिळाली. सोनाराचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि पाण्याची वाटी एवढ्यावर हे होतं, फक्त खडा सुटा हवा. अंगठीत बसवलेल्या खड्याचं हे गणित जमत नाही, म्हणून खडा नेहमी बसवण्याआधी पाहावा. पाचू म्हणून हिरवं फ्लोराइट मिळू शकतं. फ्लोराइट चंद्रपूर जिल्ह्यातही आहे, पण ते इतकं मऊ की सुरीने ओरखडतं. अंगठीत चार महिन्यांत धुरकट होतं. गोमेदाच्या पोटात भिंगाखाली उन्हात तापलेल्या रस्त्यावरच्या हवेसारखी थरथर दिसते. काचेच्या गोमेदात ती नसते, बुडबुडे असतात.

सगळ्यांत जास्त लोक फसतात ते माणकात. कमी किमतीत मोठं, लालभडक माणिक मिळतंय म्हणजे बहुतेक वेळा ते शिशाची काच भरलेलं असतं. हा प्रकार २००४ च्या सुमारास बाजारात आला. चिरा पडलेलं, जवळजवळ टाकाऊ माणिक घ्यायचं, शिशाच्या काचेबरोबर तापवायचं, काच चिरांत उतरते आणि चिरा दिसेनाशा होतात. भिंगाखाली खडा फिरवला की एका कोनात चिरेतून निळसर लखाकी येते, आणि चपटे बुडबुडे दिसतात. अशा खड्याची अंगठी लहानमोठी करायला दिली आणि सोनाराने खडा न काढताच झारणीची ज्योत लावली, तर काच वितळून खडा कायमचा विस्कटतो. लिंबाच्या रसानेही ती काच खाल्ली जाते, त्यामुळे अंगठी घालून भाजीवर लिंबू पिळायचीसुद्धा पंचाईत. नील तापवलेला असणं ही मात्र फसवणूक नव्हे. बहुतेक नील तापवूनच उजळलेले असतात, तो रंग टिकतो, फक्त सांगायला हवं. पाचूत तेल जिरवणं तर शतकानुशतकं चालू आहे. गरम पाण्यात किंवा यंत्राने साफ केला की तेल निघून येतं आणि चिरा उघड्या पडतात.

कृत्रिम माणिकही काही नवं नाही. ऑगस्ट व्हर्न्यूईने ज्योतीत भुकटी वितळवून माणिक घडवायची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. त्यामुळे आजीच्या पेटीतलं ‘जुनं म्हणून अस्सल’ माणिक यंत्रातलं असणं सहज शक्य आहे. त्याची खूण म्हणजे भिंगाखाली दिसणाऱ्या वक्र रेघा. निसर्गातल्या कुरुंदात रेघा सरळ, कोनात वळणाऱ्या. हिऱ्याच्या बाबतीत ‘अमेरिकन डायमंड’ म्हणजे क्युबिक झिर्कोनिया, घनतेने हिऱ्याच्या दीडपटीहून जड. मॉइसनाइट जास्त लबाड. सराफाकडचा पेनासारखा हिरे-परीक्षक उष्णता किती झटकन वाहते हे पाहतो, आणि मॉइसनाइट त्यालाही हिऱ्याइतकंच उत्तीर्ण होतं. पण भिंगाने तिरकं पाहिलं की पाठीमागचे पैलू दुहेरी दिसतात. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र हिराच असतो, त्याला भिंग आणि पेन दोन्ही पुरत नाहीत. तिथे प्रमाणपत्रच लागतं. आणि दागिन्यावरचा हॉलमार्क, सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, सोन्याच्या कसाबद्दल बोलतो. त्यातल्या खड्याची हमी तो देत नाही. हे गिऱ्हाइकांना माहीत नसतं, आणि सगळेच दुकानदार आपणहून सांगत नाहीत.

चंद्रपूरहून दक्षिणेला निघावं, आष्टी, आलापल्ली करत सिरोंच्याला. चपराळ्याच्या परिसरात वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते. आलापल्लीनंतर सागाचं दाट रान, रस्ता पावसाळ्यात खचलेला. सिरोंच्याजवळ वडधम इथे जीवाश्म उद्यान आहे, दगड झालेली झाडांची खोडं तिथे जमिनीत पडलेली दिसतात. लाकडाच्या पेशीपेशीत सिलिका झिरपून ते गारगोटीच्याच जातीचं झालेलं असतं, वर्षांची वलयं मात्र शाबूत. जगभर असं लाकूड कापून, झिलई देऊन मणी करतात. इथलं उचलायला बंदी आहे, आणि ते बरंच आहे. जागेवरून हलवलेला जीवाश्म शास्त्रज्ञांच्या फारसा कामाचा राहत नाही.

सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते. गोदावरी पुढे ज्या मुलखातून जाते त्या तेलंगणातल्या पाल्वंचाजवळ गरीबपेट नावाची टेकडी आहे, गार्नेटने भरलेली. वैरागडच्या हिऱ्याला जे जमलं नाही ते या गार्नेटला जमलं. गार्नेट घडताना खडकातली मूलद्रव्यं आणि बारीक खनिजं पोटात घेऊन वाढतं. गरीबपेटच्या दाण्यांच्या गाभ्यात सिलिमनाइटच्या केसासारख्या सुया असतात आणि काही मूलद्रव्यांचं प्रमाण गाभ्यापासून कडेकडे ठरावीक रीतीने बदलतं. संशोधकांच्या एका गटाने २०१७ मध्ये हे तपशीलवार मांडलं, आणि पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू या प्राचीन बंदरातल्या मण्यांशी ते जुळतं, असं दाखवलं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मण्याचं गाव सांगता आलं, तेही दागिन्यातल्या सगळ्यांत स्वस्त समजल्या जाणाऱ्या खड्याचं.

नागपूरजवळच्या माहुरझरीला मणी बनवण्याचं प्राचीन केंद्र होतं. डेक्कन कॉलेज आणि नागपूर विद्यापीठाच्या उत्खननांत तिथल्या महापाषाणीय दफनांबरोबर कार्नेलियन, अकीक अशा खड्यांचे मणी निघाले. विदर्भातल्या जुन्या गार्नेट मण्यांवरही हीच कसोटी लावता येण्याजोगी आहे. त्यांतले किती गोदावरीच्या बाजूने वर आले आणि किती वैनगंगेच्या खडीतले, हे त्यांच्या पोटातल्या सुया सांगू शकतील. तसं झालं तर वैरागडच्या ‘माणकां’चाही निकाल लागायला मदत होईल.

प्राणहितेवर आणि गोदावरीवर पूल झाल्यापासून सिरोंचा पूर्वीसारखं तुटलेलं राहिलेलं नाही. पूल ओलांडून चेन्नूरमार्गे मंचेरियालला गेलं की बल्लारशाह–काझीपेठ मार्गावरची रेल्वे मिळते. वैरागड-गडचिरोली-चंद्रपूर करून आलेल्याला आलापल्लीच्या रस्त्याने पुन्हा मागे जायची गरज पडत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. नद्यांचं पाणी उतरलेलं असतं, काठावरची खडी उघडी पडते, आणि सतीच्या पात्रात गारगोटीचे पांढरे, पिवळसर, दुधाळ गोटे हवे तेवढे पाहायला मिळतात.